बैल कोणाचा होता

"बैल कोन्त्या रंगाचा होता बे?"

जमादाराने माझ्या सासऱ्यांना हे विचारलं तेव्हा ते ठाण्याच्या पायरीखाली उन्हात उभे होते. पागोटं काढून काखेत धरलेलं. कपाळावरच्या खोकेत हळद भरलेली. माझ्या खांद्याला टेकून माझी धाकटी नणंद शेवंता उभी. तिच्या डाव्या डोळ्यावर माझ्या लुगड्याचा फाडलेला तुकडा बांधला होता आणि तो भिजून काळा पडला होता.

सासऱ्यांनी पागोटं दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाले, "तांबडा, साहेब."

बैल नव्हताच. आदल्या संध्याकाळी आमच्यावर दगड आले होते.

हे सासऱ्यांना ठाऊक होतं. आम्हाला ठाऊक होतं. आमच्या तोंडांकडे बघून जमादारालाही कळलं होतं. तरी बैलाला रंग आला. जमादार आतल्या शिपायाकडे वळून म्हणाला, "तांबडा म्हनते. शिंगं कशी होती तेही विचारू का?" शिपाई हसला. माझा पदर नाकापर्यंत ओढलेला होता. त्याच्या आत माझं तोंड भाजत होतं.

क्रमाने सांगते. नाहीतर ज्यांनी ते गाव पाहिलं नाही त्यांना वाटेल, एवढा म्हातारा माणूस असं का बोलला.

आमचं गाव मालेगाव आणि शिरपूरच्या मधलं, सडक सोडून आत. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, सगळं अकोल्यात मोडायचं. आदल्या दसऱ्याला आमच्यातले काही जण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. मग सगळ्या वस्तीने घेतली. घरातले देव नदीत सोडले. सासऱ्यांनीही सोडले. स्वतःच्या हाताने. पण कोतवालकी त्यांनी सोडली नाही.

कोतवालाचं काम म्हणजे गावची वर्दी ठाण्यात नेणं. चोरी झाली, विहिरीत प्रेत सापडलं, आग लागली, की पोलीस पाटील सासऱ्यांना बोलावून तोंडी सांगायचा आणि सासरे पायी जाऊन ठाण्यात तेच सांगायचे. तेच म्हणजे तेच. शब्द कमी नाही, जास्त नाही. ठाण्यात त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेत आणि दोन्ही वेळा सारखं आलं की मगच लिहीत. आमच्या माणसाच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, पण त्यांच्या तोंडचा शब्द सरकार घेत होतं. सासऱ्यांच्या आयुष्यात मान म्हणून एवढंच होतं. "माह्या तोंडातून शब्द सांडत नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

दीक्षेनंतरची ती पहिली वैशाखी पौर्णिमा. सत्तावन्न साल. बुद्धाची तसबीर शिरपूरहून काच लावून आणली होती. खुर्चीला दोन बांबू बांधून तिची पालखी केली. पांढरी लुगडी सगळ्यांकडे नव्हती, ज्यांच्याकडे होती त्या बाया पुढे. शेवंताकडे होतं. ती तसबिरीच्या अगदी पुढे चालली.

वाटेवरून आधी आमच्यातच वाद झाला होता. आमच्या वराती नेहमी खालून, नाल्याच्या कडेने जायच्या. यंदा तरण्या पोरांचं म्हणणं पडलं की पारासमोरून जायचं. माझे मालक त्यांत पुढे. ते म्हणाले, शिरपूरला जैनांचा रथ भर रस्त्याने निघतो, लोक बाजूला होऊन हात जोडतात. चांगलंच करतात. मग आपण नाल्यातून का जायचं? सासरे म्हणाले, पाटलाला विचारून घ्या. कोणी विचारलं नाही.

पारापाशी पोचलो तेव्हा उजेड होता. तोंडं स्पष्ट दिसत होती. सहा-सात जण. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या शेतात मी निंदायला जात होते. एकाच्या बायकोचं बाळंतपण आमच्या सासूने केलं होतं. तो पारावरून ओरडला, "वाजवाचं तं आमच्या लग्नात वाजवा. तुमच्या देवापुढं कायले वाजवता?" लोक हसले. आमचे वाजंत्री थांबले. मालक म्हणाले, वाजवा. ते पुन्हा वाजवायला लागले आणि पहिला दगड आला. तो तसबिरीवर. दुसरा सासऱ्यांच्या कपाळावर. तिसरा शेवंताच्या डोळ्यावर.

आमच्याकडून एकाने हात उचलला नाही. भ्यायलो होतो म्हणून नाही. निघताना तसं ठरवलं होतं.

सकाळी पाटलाने सासऱ्यांना बोलावलं. ते जखमेसकट गेले. पाटील ओसरीवर चहा पीत होता. त्याने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि वर्दी सांगितली: "वाजंत्र्याच्या आवाजानं बैल बुजाडला. गर्दीत शिरला. चार-दोघांले लागलं. एवढंच सांगजो." सासऱ्यांनी ती त्याच्यापुढे एकदा म्हणून दाखवली. रीत होती तशी.

आणि ते निघाले. दवाखाना ठाण्याच्याच गावात होता, म्हणून शेवंताला घेऊन मीही निघाले. मालक आणि त्यांचे दोघे सोबती मागून आले. वाटेत सासरे पुढे चालत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मला वाटलं, पोरीसाठी काही पुटपुटत असतील. ते वर्दी घोकत होते.

ज्याच्यावर दगड पडला तोच माणूस दगड पडला नाही असं पाठ करत चालला होता. आणि त्यात त्याला वावगं वाटत नव्हतं. वर्दी पाटलाची. तोंड फक्त आपलं. असंच तो आयुष्यभर जगला होता. त्यांची मला जेवढी कीव येते तेवढी लाजही वाटते. परक्याने केलेला अपमान सांगता येतो. आपल्या माणसाच्या तोंडून निघालेला अपमान सांगताना जीभ जड होते. म्हणून इतकी वर्षं हे लिहिलं नव्हतं.

तर ठाण्यात त्यांनी वर्दी दोनदा म्हटली. दोन्ही वेळा सारखी. जमादाराने रंग विचारला, तो सांगून झाला. मग जमादाराने विचारलं, "बैल कोनाचा?"

हे पाटलाने सांगितलं नव्हतं.

गावातल्या प्रत्येक बैलाला मालक होता. कोणाचं नाव घेतलं तर त्याच्यावर आळ येणार, आणि उद्या त्याच गावात राहायचं होतं. सासऱ्यांनी पायाकडे पाहिलं. शेवंताकडे पाहिलं नाही. म्हणाले, "आमचाच, साहेब."

जमादाराने पाय लांब केले. "मंग तुह्याच बैलानं तुही पोरगी तुडवली. त्यात सरकारनं काय करावं?" आणि शिपायाला म्हणाला, जनावर बुजाडून अपघात, निष्काळजीपणा घरच्यांचा.

सगळं जागच्या जागी बसलं. दगड मारणारा कोणीच नाही. मिरवणूक नाही. बुद्ध नाही. तसबीर कोणी फोडली नाही. शेवंताचा डोळा आम्हीच फोडला.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सासऱ्यांपुढे मी मोठ्याने कधी बोलले नव्हते. तेव्हा बोलले. पदर मागे केला की आपोआप सरकला, आठवत नाही.

"आमच्या घरी बैलच नाही. कधी नव्हता. दगड मारले आमाले. मिरवणुकीत. नावं सांगतो मी."

सासऱ्यांनी लगेच हात जोडले. "सून नवी हाय साहेब. तिले समजत नाही."

जमादार माझ्याकडे वळला. मग अगदी शांतपणे बोलला. "मिरवनूक देवाची असते. तुमी तं देव नदीत सोडले म्हनता. मंग मिरवत कोनाले होते?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आज आहे. आज विचाराल तर तासभर बोलेन. त्या दिवशी नव्हतं, आणि तो हसला तेव्हा मला खरंच वाटलं की चूक आमचीच आहे. आम्ही एका तसबिरीमागून उगाच चाललो होतो. ही लाज सगळ्यांत वाईट. ती दगडाने लागत नाही. समोरचा नुसता हसतो आणि आपण त्याच्या बाजूने विचार करायला लागतो.

मग त्याने मला समजावून सांगितलं. एखाद्या शहाण्या नातेवाइकासारखं. अपघात लिहिला तर आजच संपलं, सगळे घरी. दगड लिहिले तर मारामारी होते. मारामारी म्हटली की दोन्हीकडची नावं लिहावी लागतात, दोन्हीकडचे आत जातात. "मिरवणुकीवर हल्ला" असं तो लिहिणार नव्हता. मिरवणुकीला परवानगी नव्हती, आणि ठाण्यात ज्यांच्या मिरवणुकांची नोंद होती त्यांत आमचा धर्म बसत नव्हता. "तुहा नवरा बाहेर लिंबाखाली बसला हाय ना? त्याच्यापासून सुरू करू?"

म्हणजे दोनच गोष्टी. आमचा बैल किंवा आमचा गुन्हा.

मालकांनी काही केलं नव्हतं. त्यांना आत घातलं तर घरात मिळवतं माणूस नाही. सासूबाई अंथरुणाला. मी उभी राहून हिशेब करत होते आणि हिशेब एकच येत होता: गप्प बस, पोरीला दवाखान्यात ने.

तेव्हा शेवंता बोलली. बांधलेला डोळा माझ्या खांद्यावर तसाच ठेवून म्हणाली, "वयनी, दगड लिहाले लाव."

मी म्हटलं, "लिहा. दोन्हीकडची नावं लिहा. पन दगड लिहा."

आणि लिंबाखाली जाऊन मालकांना मीच बोलावून आणलं. काय झालं ते चालता चालता सांगितलं. त्यांनी वहाणा काढून माझ्या हातात दिल्या आणि आत गेले.

पुढचं चांगलं काही नाही. डोळा गेला. दवाखान्यात आधीच उशीर झाला होता. मारामारीला कारण लागतं म्हणून जमादाराने "जुनं वैर" लिहिलं. ज्यांचं आम्ही निंदत होतो, खुरपत होतो, त्यांच्याशी आमचं वैर. मालक जामिनावर सुटले. तारखा पडत राहिल्या, मजुरी बुडत राहिली, शेवटी समजुतीने मिटलं. मिरवणूक हा शब्द त्या सगळ्या कागदांत कुठेही आला नाही. निंदायला आम्हाला कोणी बोलावेना. गावातली पोरं सासऱ्यांना अडवून विचारायची, "काय मामा, बैल सापडला का?" ते मान खाली घालून काठीने जमीन चाचपत पुढे जायचे.

माझ्याशी ते त्यानंतर फार बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "माही वर्दी आजलोक कोनी फिरवली नव्हती." पोरीच्या डोळ्याचं दुःख त्यांना होतंच. पण ठाण्यात सर्वांदेखत सुनेने तोंड खोटं पाडलं, हे त्यांच्या जिवाला जास्त लागलं. कोतवालकी त्यांनी मरेपर्यंत केली. मी त्यांना शेवटपर्यंत वाढलं, पाय दाबले. समजूत काढली नाही. ती माझ्याने निघणारही नव्हती.

पुढे आम्ही रिसोडला आलो. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकाचं काम धरलं, शेवंता शिवणाचं. वैशाख चुकवला नाही. दरवर्षी गावी जातो आणि मिरवणूक पारासमोरूनच निघते. तिची तयारी माझ्याकडे असते. फुलं, मेणबत्त्या, पाणी, कोणी कुठे चालायचं. त्यात एक काम असं आहे की ते मी दर वर्षी दोन बायांना नेमून देते, आणि त्या दोघी मिरवणुकीत चालत नाहीत. त्या गावाबाहेर सडकेवर उभ्या राहतात. पायात चपला हव्यात, कडेवर मूल नको, चालण्यात पक्क्या हव्यात. त्यांना मी सांगते: दगडाचा आवाज आला की गावाकडे यायचं नाही. कोणाला लागलं ते बघायचं नाही. तुमचा नवरा असो, पोर असो. जखमा बघायला आम्ही आहोत. तुम्ही ठाण्याकडे निघायचं, पाटलाचा माणूस निघण्याआधी. तिथे बसा म्हणाले तरी बसायचं नाही. उभं राहून सांगायचं: बुद्धाच्या मिरवणुकीवर दगड मारले. ते लिहीपर्यंत हलायचं नाही. आत घालतो म्हणाले तर आत जायचं, पण लिहून झाल्यावर.

यंदा वस्तीतली एक नवी सून मला म्हणाली, "आत्याबाई, माह्या घरच्यांले लागलं तरी नाही पाहाचं?"

नाही, म्हटलं. आधी ठाणं.