पांढऱ्या नाकतोड्यांचा डबा घेऊन चांद्याला

गावोगावच्या धानकरी मंडळी, पोळा होऊन गेला, दसरा तोंडावर आला आणि मी आत्ता कुठे लिहायला बसतो आहे, तेव्हा रागावू नका. तिसरी शिकलेल्या माणसाला दोन पानं लिहिणं म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, एक बांधी, रोवण्याइतकी मेहनत. त्यात काही चुकीचं लिहिलं आणि तुमचं नुकसान झालं तर, ही धास्ती वेगळीच.

यंदा आमच्या धानावर नाकतोड्यांनी कहर केला. मग पावसाच्या झडीच्या दिवसांत खालच्या बांधीतले नाकतोडे पानांना चिकटल्या जागीच मरू लागले, अंगावर पीठ भुरभुरावं तसे पांढरे. मी त्यातले काही पाण्यात कुस्करून वरच्या बांधीत शिंपडले. काही दिवसांनी तिथलेही मेले. शेजारचा महादू ओरडला, "भाऊ, तुमी त किड्यायले रोग लावून राह्यले! आता त्यायले दवाखान्यात नेता का?" सारं गाव हसलं. तेव्हाच ठरवलं, जिल्ह्याच्या गावी, चांद्याच्या शेती कचेरीत दाखवायचं. तिथं खोटा ठरलो असतो तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

साहेबापुढे घाण कशी न्यायची? म्हणून माझ्या बायकोनं, सखूनं, मेलेले नाकतोडे बियाण्यासारखे सुपात पाखडले, सावलीत वाळवले आणि पत्र्याच्या डब्यात भरले. पांढरं पीठ पार उडालं. दोघंही खूश, किती लख्ख झाले म्हणून!

गडचिरोलीपर्यंत बैलबंडी. पहाटेच निघा, चिखलात चाकं रुततात. पुढे वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची. भादव्यातली फुगलेली नदी पाहून मी दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरली आणि मांडीवरचा डबा डोंग्यात साचलेल्या पाण्यात पडला.

"काय आहे जी डब्यात? सोनं आहे काय?" नावाड्यानं विचारलं.

"नाकतोडे."

"आमच्या इथी काय कमी होते, तुमी गावावरून आणले?"

डब्यातलं पाणी निथळून टाकलं, पण झाकण उघडून पाहायची छाती झाली नाही. पलीकडून मोटारीनं मूल गाव गाठलं. तिथं धानगिरणीतल्या ओळखीच्या माणसाकडे मुक्काम केला. गरम भात आणि लाखोरीची डाळ वाढली, पण माझा जीव डब्यात. दुसऱ्या दिवशी छोट्या रुळांच्या आगगाडीनं चांदा. खिडकीशी बसू नका, कोळशाचे कण डोळ्यांत जातात. कचेरीत कळलं, साहेब दौऱ्यावर. आणखी एक मुक्काम.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी झाकण काढलं. सगळ्या नाकतोड्यांवर कापसासारखी पांढरी लव आलेली! मी हात जोडले. "माफी करा साहेब. घरून सुपात पाखडून स्वच्छ करून आणले होते, वाटेत ओल लागली न् बुरशी आली."

साहेब उठून उभेच राहिले. "बाबा, हीच तर पाहायची होती! किड्याला मारणारी बुरशी ही. तुम्ही वरचं पीठ पाखडलंत, पण ती आत जिवंत होती. ओल मिळाली आणि बाहेर आली. कोरडे आणले असते तर मी तरी काय ओळखणार होतो?"

मग त्यांनी काचेच्या बाटलीत नाकतोडे भरले आणि चिठ्ठीवर माझं नाव आणि गाव लिहिलं. आजवर माझं नाव सातबाऱ्यावर आणि लग्नपत्रिकेतच लिहिलं गेलं होतं. येताना त्याच नदीचं भय वाटलं नाही, एवढंच सांगतो.

महादू आता सकाळ-संध्याकाळ बांधावर येऊन पांढरे किडे शोधतो. सखू मात्र रुसली आहे. "माह्या सुपाचं नाव काऊन नाई लिवलं?"

पण जिवाला एक घोर आहे. साहेब म्हणाले, एका माणसाच्या दोन बांध्यांवरून काही सिद्ध होत नाही, दुसऱ्या गावचेही असे पांढरे मेलेले किडे हवेत. धान एकदा कापलं की ते दिसायचे नाहीत. तेव्हा आजच बांधीत उतरा. सापडले तर पाखडू नका, वाळवू नका, पळसाच्या ओल्या पानात गुंडाळून चांद्याला न्या. माझी बाटली तिथं फळीवर एकटीच आहे. सापडोत, न सापडोत, एक ओळ तरी लवकर पाठवा. मी रोज टपालवाल्याची वाट पाहतो आहे.