अंगुस्तान आणि नऊ काळी बटणं

…तर पुलावर अंगुस्तान एकटं उभं होतं आणि नऊ काळ्या बटणांनी त्याला घेरलं होतं, इथवर आलो होतो आपण.

शिवताना बोटात घालायचं ते अंगुस्तान म्हणजे शिंप्याच्या मेहुण्याचा सरदार आणि बटणं म्हणजे दरोडेखोर. दर रविवारी दुपारी शिंपी दुकानाचं शटर अर्धं ओढून बेतायच्या टेबलावर हा खेळ मांडायचा. खाकी कागदावर खडूनं नदी, पूल, किल्ला काढायचा. एक इंच म्हणजे एक पाऊल. एका डावात ठरलेल्या पावलांपेक्षा कुणी जास्त सरकलं की गळ्यातला टेप काढून मोजायचा. गोष्ट तो सांगणार, शत्रू तो हलवणार, बाकीच्यांनी आपापला एकेक वीर सांभाळायचा. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार, आणि तो पडणार सगळ्यांदेखत, बशीत. गिऱ्हाइकाचं कापड आणि खेळातला फासा, दोन्हींत शिंप्यानं कधी हात मारला नाही.

मेहुणा दवाखान्यात कंपाउंडर. बायको गेल्यापासून त्याचं बोलणं म्हणाल तर गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच. तोंड उघडायचा तो रविवारी, या टेबलाशी. आणि आज आल्या आल्या म्हणाला होता, "भावोजी, माझा सरदार पडला तर मी दुसरा घेणार नाही. मग माझी वाट बघू नका."

काज करत बसलेल्या शिंपिणीनं ते ऐकलं. नवऱ्याला बाजूला घेऊन ती म्हणाली, "अहो, माझ्या भावाला मारू नका."

"मी कुठं मारतोय? फासा मारेल."

"फासा तुमच्याच हातात असतो ना?"

"कात्रीही माझ्याच हातात असते. म्हणून कुणाची बाही तोकडी कापू?"

बोलून गेला खरा, पण फासा त्या दिवशी हात धुऊन सरदाराच्या मागे लागला. तीन वार सलग बसले. खेळातल्या दुसऱ्या भिडू, पोस्टातल्या बाई, त्यांचा वीर म्हणजे दोऱ्याचं रीळ; ते मदतीला निघालं, तर अंतर भरलं अकरा इंच.

"मी पोचेपर्यंत याचा भुगा होईल," बाई म्हणाल्या.

आणखी एक वार, की सरदार संपला. शिंप्यानं फासा मुठीत धरला. 

तेवढ्यात मेहुणा चष्मा वर सारून कागदावर वाकला. "पुलाच्या टोकाशी ही तिरकी रेघ कसली?"

शिंप्यानं पाहिलं आणि मनात जीभ चावली. घाईत त्यानं कोट बेतलेलाच कागद घेतला होता. बाकीचा खडू पुसला, खिशाची खूण तेवढी राहिली.

"जवळ जाऊन बघतोस?" त्यानं शांतपणे विचारलं.

"बघतो."

"मग फासा तू टाक."

बशीत सतरा पडले, म्हणजे शोध लागला.

"दगडाखाली भुयाराचं तोंड आहे," शिंपी म्हणाला. "वाकून जावं लागेल."

अंगुस्तान रेघेवरून चार इंच सरकलं आणि थेट बटणांच्या पाठीमागे निघालं. "आता उसवा एकेकाला," बाई म्हणाल्या. शिंपिणीची सुई पुन्हा चालू झाली.

खेळ आटोपल्यावर मेहुणा बटणं डबीत भरत होता. नऊच्या नऊ भरून झाली तरी उठेना.

"भावोजी, खरं सांगा. ते भुयार आधीपासून होतं, की मला वाचवायला काढलंत?"

शिंपी टेप गुंडाळत म्हणाला, "रेघ आधीपासून होती, वकिलाच्या कोटाचा खिसा आहे तो. भुयार तू विचारलंस तेव्हा खणलं. पुढच्या रविवारी कंदील घेऊन उतर, आत अजून काय आहे ते मलाही ठाऊक नाही."