आत्याआजीचं पिठलं-भात

...तर नाही, वहिनी 'ठीक' नाहीये. इतके दिवस सगळ्यांना तेच टाईप करत होते, आता थकले यार.

बाळ आमच्या कंपू भागातल्या हॉस्पिटलमधून घरी आलंच नाही. मुलगी होती. वहिनी एकटीच परत आली.

बारसं झालं नव्हतं, मतलब सूतक नाही, दिवस नाहीत, कुणी भेटायला येणं नाही. आईने आधीच करून ठेवलेले डिंकाचे लाडू फ्रिजवर मागे सरकवले. शेजारच्या आंटी गेटवरूनच म्हणाल्या, "अभी उमर ही क्या है, दूसरा हो जाएगा."

वहिनी मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. नीट जेवण नाही, बोलणं बिल्कुल नाही. मी मोठ्या उत्साहाने ऑनलाईन सपोर्ट ग्रुप शोधून दिला... तिने फोन उलटा ठेवला.

परवा दुपारी मुरारहून आत्याआजी आली, ऑटोने. बाबांची आत्या, नव्वदीला टेकलेली. हातात डबा... पिठलं-भात.

आई घाबरलीच. "आत्या, हे कशाला आणलंत? हे तर घरात कोणी गेलं की आणतात."

"मग? कोणी गेलं नाही का?"

आजी पुढे म्हणाली, "आणि लाडू केले असशील ना? ते पण आण. बाळंतीण आहे ती."

मग वहिनीच्या पलंगावर बसली. "माझी गेली तेव्हा मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होत होता. ह्यांचं दफ्तर भोपाळला चाललेलं, घरात नुसती बांधाबांध. इथली राजधानी गेली म्हणून अख्खं लश्कर शहर रडत होतं... त्यातच मीही रडून घेतलं. कुणासाठी रडतेस, कुणी विचारलंच नाही गं."

आत्याआजीला मुलगी झाली होती, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं...

वहिनी आजीकडे वळली, म्हणाली, "तिला केस खूप होते हो, आजी."

"हो? कसे, कुरळे?"

आणि वहिनी बोलत राहिली. रडत, मध्ये मध्ये पिठलं-भात खात. शेवटी अर्धा लाडूही खाल्ला.

आता तिला बाळाचं नाव ठेवायचंय. आई म्हणते, नको, नाव दिलं की विसरणं अजून कठीण. आत्याआजीने स्वतःच्या मुलीचं नाव ठेवलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत नाही झाली...

तुम्हाला काय वाटतं, ठेवावं ना नाव?