माधुरीला न्यायला धामणगावला

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि डोक्यात एकच काम : माधुरीला पुण्याला परत न्यायचं. विद्यापीठात आम्ही दोघी मिळून ‘स्त्री आणि श्रम’ शिकवत होतो. गेल्या वर्षी ती नोकरी सोडून धामणगाव बढ्याला, आपल्या गावी, योग शिकवायला गेली. तेव्हापासून मुली मला एकच विचारत, “माधुरी मॅडम कधी येणार?” मी समोर उभी असताना!

एसटीच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. शेजारचे आजोबा म्हणाले, “बीटीले अळी लागत नाही म्हनत होते. आता अळीच इचारते, औंदा काय पेरता बे?” ते हसले, पण खिडकीबाहेर बघत.

घरी पोचताच माधुरीनं भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली. ती उजळली होती. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी वर्ग. वेचणीवरून थेट आलेल्या दहाबारा बाया गोल बसल्या. माधुरी म्हणाली, “गोल बसायचं आणि मागच्या वेळी गप्प राहिली तिनं आधी बोलायचं, हे या मॅडमनं काढलं.” माझ्या वर्गात त्या गोलात कुणी तोंड उघडत नसे.

पाठीवर निजून गुडघे छातीशी. “कुठं ओढतं?” माधुरीनं विचारलं.

“डाव्या कमरेत,” कांताबाई म्हणाल्या.

“अवं, पयल्या दिवशी मले बी तिथंच!” रजियाबी उठूनच बसल्या. “मले वाटे, मीच म्हातारी होऊन राह्यली.”

त्या पहिल्या दिवशी सगळ्यांचीच डावी बाजू निघाली होती, माधुरीनं सांगितलं. कारण ओटी (कमरेला डावीकडे बांधलेली कापसाची झोळी). ती रिकामी करायचं गठुडं लांब धुऱ्यावर (बांधावर), म्हणून ओटी जड होईपर्यंत कुणी रिकामी करायला जात नसे. बायांनी मालकाला सांगितलं, गठुडं वावराच्या मधोमध ठेवा, नाहीतर वेचत नाही.

“मालक म्हने, योग शिकून राह्यल्या का भांडन?” रजियाबी म्हणाल्या. “म्या म्हनलं, दोन्ही, भाऊ.”

मालकाला बोंडअळीच्या आधी कापूस घरात हवा होता. त्यानं ऐकलं.

मग माधुरीनं मला बोलायला सांगितलं. बायांच्या श्रमाचं श्रेय कोण लाटतं, यावरचं माझं पत्रक मी वाचलं, तावातावानं. दुसऱ्या पानावर कुणीतरी घोरू लागलं. मी थांबले, तर कांताबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “चालू द्या बाई, लय छान झोप लागून राह्यली.”

सकाळी एसटीची वाट बघताना मी माधुरीला म्हणाले, “तू माझी पद्धत चोरलीस. आता ती घेऊन पुण्याला परत चल.”

“मी परत येत नाही,” ती म्हणाली. “चोरी म्हण हवं तर. नाव तर मी तुझंच सांगते.”

पुण्यात पोचल्यावर पहिल्याच तासाला मी मुलींना जमिनीवर बसवलं आणि विचारलं, “कुठं दुखतं?” मग कधीच न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “मान. घरात, रस्त्यावर, सगळीकडे खाली घालूनच चालते.” “माझी पण,” दुसरी म्हणाली. मग तिसरी. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

जाताना एकीनं विचारलं, “मॅडम, हे कुठं शिकलात?”

“असंच सुचलं,” मी म्हणाले.

दुसऱ्यांच्या श्रमाचं श्रेय लाटणाऱ्यांविरुद्ध मी आजवर कितीतरी पत्रकं लिहिली. माझ्याविरुद्धचं हे पहिलं. उद्या ते वर्गात वाचणार आहे.