कळंबच्या ठमाबाईचा भाजीचा ठेका

कळंबच्या ठमाबाईला तुम्ही बारामतीच्या बाजारात एकदा पाहिली असेल, तर विसरला नसाल. उंच, काटक, आणि गिऱ्हाइकानं मेथीची जुडी दोनदा उलटीपालटी केली की "सोयरीक जुळवतूस व्हय रं? घे न्हायतर ठेव," असं तोंडावर सांगणारी. कालव्याच्या पाण्यावर दीड एकर माळवं. अक्षराची ओळख नव्हती, पण टोपली नुसती उचलून वजन सांगायची आणि त्यात नवटाकाचा फरक पडायचा नाही.

सन पंचावन्नची गोष्ट. अंथुर्ण्याजवळ कालव्याच्या कामावर सरकारी छावणी पडली होती. चारशे मजुरांचं जेवण. तिथं भाजी पुरवायचा ठेका बारामतीच्या तात्याबाकडं. हा गडी ठमाबाईकडूनच भाजी उचलायचा, आपल्या मनाला येईल त्या भावानं, आणि छावणीला घालायचा. एक दिवस तिनं भाव वाढवून मागितला. तात्याबा भर बाजारात म्हणाला, "उद्यापासनं तुजी काडी घ्यायचा न्हाय. घाल जा म्हशीला."

आणि खरंच घेईना. एवढा माल उचलणारा दुसरा कोणी नव्हता. आठ दिवसांत रानातली मेथी जून व्हायला लागली.

गावात कागद वाचून देणारा मी, म्हणून ठमाबाई माझ्याकडं आली. "आण्णा, त्यो ठेका तात्याबाला कोन देतं?"

"सरकार."

"मग सरकारला मी भाजी दिली तर सरकारच्या पोटात दुखंल का?"

आता हा प्रश्न इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला पडला नव्हता. मलाही नाही, हे कबूल करतो.

नव्या वर्षाच्या ठेक्याची नोटीस बारामतीच्या कचेरीत लागलीच होती. फॉर्म मागितला तर कारकून हसला. "बायका कधीपासून ठेके घ्यायला लागल्या?" माझं डोकं सटकलं. म्हटलं, "बायकांनी घेऊ नये असं कुठल्या कलमात लिहिलंय, तिथं बोट ठेवा." बोट काही ठेवता येईना. फॉर्म निघाला.

मी एकेक अट वाचून दाखवली. दर बंद लिफाफ्यात द्यायचा. लिफाफे सगळ्यांसमोर फुटणार. त्या दिवशी चार शेर मेथी नमुन्याला आणायची. पाचवी अट होती, माल माती झटकलेला आणि निथळलेला असावा. ती तिनं तीनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "शेराला अडीच आणे लिवा."

"अगं, तात्याबा दोन टाकंल!"

"टाकू द्या. दोन आन्यात कोरडी मेथी घालून दावावी त्येनं." आणि अंगठा उठवला.

लिफाफे फुटायच्या दिवशी ती, तिचा नवरा सावळाराम आणि मी सकाळच्या एस. टी.नं बारामतीला गेलो. कचेरीतल्या साहेबांनी दर मोठ्यानं वाचले. तात्याबा, दोन आणे. ठमाबाई, अडीच आणे. कारकुनानं तात्याबाचं नाव लिहायला दौतीत टाक बुडवला. मी तावातावानं उठत होतो, तर ठमाबाईनं माझी बाही धरून खाली बसवलं.

"सायेब," ती म्हणाली, "दर बघितला, आता माल बघा की. पाचवी अट कुनासाठी लिवलीया?"

दोन्ही नमुने तोलले. चार शेर, चार शेर.

"आता तात्याबाची झटका आन तासभर दोरीला टांगा," ठमाबाई म्हणाली.

"ही सरकारी कचेरी हाय का तुजं वाळवान?" तात्याबा ओरडला. लोक हसले. साहेब मात्र अट वाचत होते. त्यांनी पट्टेवाल्याला दोरी आणायला सांगितलं.

ठमाबाईनं आपल्या जुड्या बाजूला ठेवायला उचलल्या आणि तिचा हात थबकला. जुड्या ओल्या होत्या. तिनं सावळारामाकडं पाहिलं.

"वाटंत सुकू ने म्हनून," तो पुटपुटला, "तांब्याभर शिपाडलं... रोजच्यावानी."

माळव्यावाल्याचा हातच तो. बाजाराला निघताना भाजीवर पाणी मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ही गप्प बसली तर कोणाला कळणार नव्हतं.

"सायेब, माजी बी भिजलीया," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी पानी मारलंय. तीबी टांगा. जी भरंल ती खरी."

"बघा, बघा! ही बी त्यातलीच!" तात्याबानं टाळी वाजवली.

ओसरीत दोरी बांधली. तात्याबाच्या जुड्या रात्रभर पाण्यात बुडवलेल्या, मुळांना चिखल तसाच. झटकल्या तर फरशीवर ढेकळं पडली. पुढं तासभर त्यातून धार लागलेली. ठमाबाईच्या जुड्या चार थेंब गाळून गप्प.

पुन्हा तोललं. तिची पावशेरानं घटली. तात्याबाची सव्वा शेरानं! साहेबांनी कागदावर हिशेब मांडला. निथळलेला शेर तात्याबाकडून जवळजवळ तीन आण्यांना पडत होता, ठमाबाईकडून पावणेतीनच्याही आत.

"सरकारला भाजी विकत घ्यायचीय," साहेब म्हणाले. "पाणी कालव्यात पुष्कळ आहे."

कारकुनानं ठमाबाईचं नाव लिहिलं. मी शेजारी उभा राहून अक्षर न् अक्षर तपासलं.

सोमवारी कळंबहून तिच्या पहिल्या टोपल्या छावणीत गेल्या. एकटीच्या रानानं चारशे पानं भरेनात, म्हणून तिनं फुलाबाई, कुशाबाई, सारजा अशा सात जणींचा माल जोडला आणि सगळ्यांना एकच भाव दिला.

महिनाभरानं तात्याबा तिच्या बांधावर आला. सात जणींचा माल छावणीकडं वळल्यावर बारामतीतल्या त्याच्या भाजीच्या गाळ्याला माल मिळेना.

"ठमाबाई, थोडी मेथी मिळंल का?"

"मिळंल की," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "छावनीचं भरून उरली तर. आन भाव माजा."

तात्याबा टोपल्या भरून काही उरतंय का ते बघत बांधावर बसून राहिला.