मावशीकडचा फोटो

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाल्यापासून मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या बाईंपर्यंत कुणाशी भांडायची मी बाकी ठेवलेली नाही. पण सकाळी भांडले की संध्याकाळी माझा राग उतरलेला असतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ही एकच गोष्ट तशी उतरली नाही. अजूनही स्वयंपाकघरात धाकटी जाऊ माझ्या शेजारी उभी राहून पोळ्या लाटते आणि मी तिच्याकडे न बघता भाजी ढवळत राहते. म्हणून एकदाचं सांगून टाकते.

सुरुवात झाली ती भाचीमुळे. अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. अक्काचं गाव तापीकाठी, घरची केळी आणि कपाशी. पोरगी कॉलेजसाठी रोज बसने बुऱ्हाणपूरला यायची आणि दुपारचं जेवण माझ्याकडे. रंगाने सावळी, चांगली पक्की सावळी, आणि चेहरा असा की बोलायला लागली की हातातलं काम राहून जावं. तिच्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा अक्काने बाजारातल्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढून घेतला. तिथल्या माणसाने तिला कॉम्प्युटरवर अक्षरशः पिठात घोळवली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि "कळवतो" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला आली, पण ताट तसंच समोर. म्हणाली, "मावशी, नाही म्हटलं त्याचं मला काही नाही. पण चोरी करताना पकडल्यासारखं झालं गं. मतलब, मी तर काही केलंच नव्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू काढ ना माझा फोटो. मी आहे तशी. ज्यांना यायचंय ते मला बघून येऊ देत."

माझ्याकडे कॅमेरा होता. शाळेच्या गॅदरिंगचे, सहलींचे फोटो मीच काढायचे. मी तिला म्हटलं, "तुझाच चेहरा जाईल. माझा शब्द आहे." तिने लगेच वरणात भात कालवला आणि जेवायला लागली. शब्द देणं किती सोपं असतं.

कॅमेरा असला म्हणजे फोटो येतो असं मला वाटत होतं. माडीवरच्या रिकाम्या खोलीत जावेला स्टुलावर बसवली आणि पहिला फोटो काढला, तर ती कावीळ झाल्यासारखी दिसत होती. भिंती होत्या पिस्ता रंगाच्या. वरून ट्यूबलाईट, खिडकीतून ऊन, आणि भिंतीवरचा हिरवा उजेड परत तिच्या गालावर. आम्ही दोघी पोट धरून हसलो. जाऊ म्हणाली, "दीदी, या फोटोवर तर दवाखान्यातसुद्धा बेड मिळेल."

जाऊ नेपानगरची. घरात आली तेव्हापासून माझी सावली. आणि तीही सावळी, भाचीसारखीच. म्हणून मी लाईट शिकले ते तिच्या चेहऱ्यावर. अख्खा हिवाळा तेच चाललं होतं. खोलीला पांढरा चुना दिला, तोही तिनेच शिडीवर चढून. ट्यूब बंद करायची, खिडकीला जाड पडदा लावायचा, हे चुकत चुकत कळलं. उजेड मऊ करणारा विकतचा सॉफ्टबॉक्स यायच्या आधी आम्ही केळीचं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, आतून चंदेरी कागद चिकटवला, मध्ये बल्ब आणि पुढे मागावरचं कोरं कापड ताणून बसवलं. उजेड त्या कापडातून गाळून आला आणि जावेचं कपाळ चमकायचं थांबलं. तेच कोरं कापड राखाडी रंगवून आम्ही मागे पडदा म्हणून टांगलं. पुढे दोन एलईडी लाईट आले, स्टँड आले, उजेड परत चेहऱ्यावर फेकायला थर्माकोलचा मोठा तुकडा आला.

आणि एक गोष्ट मला सापडली, तिचा मला फार अभिमान होता. सावळ्या चेहऱ्यावर समोरून भसाभस उजेड टाकला की तो चेहरा मरतो. लाईट बाजूला घ्यायचा, डोक्यापेक्षा थोडा उंच, आणि मोठ्या कापडातून. मग गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला, ओठाच्या वर असा काही उजेड बसतो की रंग तोच राहतो आणि माणूस उठून दिसतं. जावेचा तसा पहिला फोटो आला तेव्हा ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ही मी आहे?" मी म्हटलं, "मग कोण?" तिचे डोळे भरून आले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते या बाईने केलं.

आमच्या या माडीवरच्या स्टुडिओत पहिली बसली ती अर्थात भाची. शेंदरी साडी, केस मागे बांधलेले, पावडरसुद्धा नाही. मी लाईट सरकवत होते, जाऊ थर्माकोल धरून उभी होती, अक्का दारात चहाची कपबशी घेऊन. एक फोटो असा आला की मी पुढचा काढलाच नाही. भाचीने कॅमेऱ्यात बघितला आणि म्हणाली, "बस. हीच मी." अक्काही म्हणाली, "छान काढलास गं, बाई."

आमची कामं वाटलेली होती. लाईट आणि फोटो माझे. कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर घेणं, कापून नीट करणं, बायोडाटात बसवून मुलीच्या आईच्या मोबाइलवर पाठवणं, हे जावेचं. मला शाळा असायची आणि कॉम्प्युटरचा कंटाळा. एकत्र घरात असंच असतं. एकीने भाजी फोडणीला टाकली की दुसरी झाकण उघडून बघत नाही. बायोडाटा तसाही आया आणि मावश्या-काकूंच्या मोबाइलवरून फिरतो, खुद्द पोरीच्या हाती तो क्वचितच येतो. आणि मी तर फोटो काढणारी, मला तो कोण कशाला पाठवणार? भाचीनेही मागितला नाही. मावशीने शब्द दिला होता ना.

मग मुली यायला लागल्या. बाजारातल्या स्टुडिओत परक्या पुरुषासमोर "मान वर करा, जरा हसा" ऐकत बसायचं नाही, बाईमाणसाकडे घरातच फोटो होतो, हे आयांना फार आवडलं. इच्छापूरपासून, रावेरच्या बाजूने बायका पोरींना घेऊन यायच्या. आणि नंतर निरोप यायचे, "तुमच्याकडे काय लाईट आहेत हो, पोरगी नुसती उजळून निघाली." मी फुगायचे. खरंच फुगायचे. शाळेत स्टाफरूममध्ये सांगायचे की उजेड कुठून टाकायचा हे कळायला लागतं, त्याला नजर असावी लागते. जाऊ हे ऐकायची आणि काही बोलायची नाही. मला वाटायचं, किती साधी आहे.

केळीची कापणी आटोपली आणि भाचीसाठी पलीकडून, महाराष्ट्रातून स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. अक्काने मला बोलावलं, मी शाळेतून सुट्टी काढून गेले. पाहुणे ओसरीत बसले होते. भाची पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिची मान ताठ होती, मला एवढं बरं वाटलं ते बघून. मागच्या वेळी ती जमिनीकडे बघत आली होती. या वेळी तिला माहीत होतं की हे लोक तिलाच बघून आलेत.

मुलाच्या आईने डिश घेतली, तिच्याकडे बघून गोड हसली आणि अक्काला म्हणाली, "ही थोरली का? अन् फोटोतली धाकटी कुठंय?"

अक्काला एकच मुलगी आहे.

अक्का पाण्याचे पेले भरायला लागली. त्या बाईला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून तिने मोबाइल काढून पुढे केला. वाईट नव्हती हो ती, खरंच गोंधळली होती. मी वाकून बघितलं. शेंदरी साडी माझी ओळखीची. मागचा राखाडी पडदा माझा. गालावरच्या उजेडाची जागासुद्धा माझीच. आणि त्यात बसवलेली होती दुधात बुडवून काढलेली कुणीतरी मुलगी, नाक बारीक, हनुवटी निमुळती, डोळे दोन नंबर मोठे.

भाचीनेही बघितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर सोसलं असतं. तिने फक्त ट्रे खाली ठेवला आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. "मी हा नाही काढला," म्हटलं. "तू बघितला होतास ना कॅमेऱ्यात, तोच काढला होता मी." ती खाटेवर बसून बांगड्या उतरवत होती. म्हणाली, "बघितला होता, मावशी." "मग?" "मग काय? दाखवायला एक ठेवलास, पाठवायला एक." मी म्हटलं, "थांब, तुला मूळ फोटो आणून दाखवते. तो कॅमेऱ्यात असेल, कॉम्प्युटरवर असेल." ती म्हणाली, "आण."

मी पुढच्या बसने घरी आले. चपलाही काढल्या नाहीत, तशीच माडीवर गेले. जाऊ कॉम्प्युटरसमोर बसली होती आणि पडद्यावर मागच्या आठवड्यातली एक मुलगी अर्धी सावळी, अर्धी गोरी होती. ती माझ्या तोंडाकडे बघूनच उठून उभी राहिली.

"अक्कांनी फोन केला होता," ती म्हणाली. "फोटो काढला त्याच दिवशी. म्हणाल्या, थोडं साफ करून दे, दीदीला सांगू नको, तिचं डोकं फिरतं."

म्हणजे माझी सख्खी बहीण. माझ्यासमोर चहा पिऊन "छान काढलास" म्हणणारी. मी विचारलं, "आणि बाकीच्या?" तिने माऊस बाजूला सरकवला. "बाकीच्या मुली?" तेव्हा म्हणाली, "सगळ्यांच्या आया तेच म्हणतात, दीदी. मी नाही केलं तर बाजारात जाऊन करतात."

सगळ्या. एकूण एक. जे 'उजळून निघाली' ऐकून मी फुगत होते, ते माझ्या लाईटचं कौतुक नव्हतंच. पोरी माझ्या लाईटमध्ये बसत होत्या आणि माझ्याच घरात, माझ्या डोक्यावरच्या माडीत, त्यांचे चेहरे पुसले जात होते. हसावं की रडावं ते कळेना.

"मूळ फोटो दे," मी म्हटलं. "भाचीचा. एवढा एक दे."

"नाही, दीदी. कॅमेऱ्यातलं कार्ड मी दर वेळी पुसते. कॉम्प्युटरवर साफ केलेला त्याच्यावरच सेव्ह करते. दोन-दोन ठेवले तर मेमरी भरते."

म्हणजे तो चेहरा आता कुठेच नव्हता. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. केसाने गळा कापलास म्हटलं, हे आठवतं. तिने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "माझं स्थळ आलं होतं तेव्हाचा फोटो आठवतो तुम्हाला? तोही साफ केलेलाच होता. तुमच्या लाईटमधला खरा फोटो आला असता, तर मी या घरात आले असते का?"

मी म्हटलं, "आली नसतीस तर बरं झालं असतं."

ते मी अजून परत घेतलेलं नाही. तिनेही मागितलं नाही. संध्याकाळी ती खाली येऊन पोळ्या लाटायला लागली आणि मी भाजी केली.

मी माडीवर जाणं सोडलं. स्टुडिओ बंद पडेल असं मला वाटलं होतं, पण कसला बंद पडतोय. आता लाईट जाऊच लावते. चांगले लावते, मीच शिकवलंय. दुपारी जिन्यावरून आया आणि मुली चढतात, वर खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. अक्का सणाला येते, साडी देते, केळी देते. म्हणते, "आईचं काळीज तुला काय कळणार." मला मूल नाही, याची ती मला अशी आठवण करून देते.

भाची येत नाही. कॉलेज याच गावात, बसही याच चौकात थांबते, पण दुपारचं जेवण ती डब्यात आणते. मी दोनदा निरोप पाठवला की फोटोला परत बस, मी परत काढते, माझ्यासमोर पाठवते. उत्तर आलं नाही.

गेल्या महिन्यात अक्काने माझ्या मोबाइलवर तिचा नवा बायोडाटा पाठवला, ओळखीत कुणी असेल तर बघ म्हणून. मी फोटो मोठा करून बघितला. घरातल्या ट्यूबलाईटखाली तिने स्वतःच, हात लांब करून काढलेला. वरून उजेड, त्यामुळे डोळ्यांखाली काळं. कपाळ चमकतंय. मागे हिरवी भिंत, तिची झाक गालावर. त्यातली एक-एक चूक मी पाच मिनिटांत काढून टाकली असती. पण रंग तिचा होता, नाक तिचं होतं, आणि ती सरळ बघत होती, त्या दिवशी ट्रे घेऊन बाहेर आली होती तशी.

खाली अक्काने लिहिलं होतं, "फोटो चांगला नाही, मला माहीत आहे. ऐकतच नाही. म्हणते, मावशीकडे नको."