मास्टरचा मास्टर

माझ्या सहीने एका माणसाची नोकरी जाणार होती आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. हे आधीच कबूल करून टाकते.

दोन हजार सातचा नोव्हेंबर. अमेरिकेत, नोव्हाय गावात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी तपासणीचं काम बघायची. मोटारींचा धंदा बसत चालला होता. दर महिन्याला कोणी ना कोणी आपला मग आणि मुलांचे फोटो खोक्यात भरून घरी जायचं. ग्राइंडिंग मशीनवर पन्नाशी उलटलेला एक ऑपरेटर होता, वीस वर्षं त्याच मशीनवर. गेले चार आठवडे त्याचे भाग उंचीला कमी भरत होते. जेमतेम अर्ध्या केसाइतके, पण रोज, आणि रोज तेवढेच. साहेब म्हणाले, "शुक्रवारी दुपारपर्यंत रिपोर्ट दे. सोमवारी त्याला काढू."

तो पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीत येऊन म्हणाला होता, "माझं मशीन ठीक आहे. तू तुझं माप तपास."

माझं डोकंच सणकलं. माझं माप? अरे, माझं माप मास्टरवरून लावलेलं असतं! मास्टर म्हणजे पोलादाचा एक ठोकळा, अगदी अचूक उंचीचा, मखमलीच्या पेटीत ठेवलेला. रोज सकाळी तो गुळगुळीत दगडी टेबलावर ठेवायचा, मोजणीचा काटा त्याच्या माथ्यावर टेकवून शून्यावर आणायचा आणि मग दिवसभर त्या उंचीचे भाग, जे फक्त या ऑपरेटरच्या मशीनवर व्हायचे, ते मास्टरशी ताडून बघायचे. "मास्टर चुकत नसतो," मी त्याला तोडून सांगितलं, "तू मशीनकडे लक्ष दे." तो निघून गेला.

गुरुवारी संध्याकाळी मी लेकीला कम्युनिटी कॉलेजात सोडायला निघाले. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष, आणि वर हौसेने घेतलेला तत्त्वज्ञानाचा कोर्स. त्या दिवशी तिला वर्गात बोलायचं होतं, म्हणून गाडीत माझ्यावर प्रॅक्टिस चालली होती.

"आई, लिसन. तो ग्रीक गुरू म्हणतो, आपण बघतो ते सगळे घोडे म्हणजे नुसत्या कॉपीज. खरा घोडा वेगळाच. तो दिसत नाही, म्हातारा होत नाही, बदलत नाही. सगळे घोडे थोडे थोडे त्याच्यासारखे असतात, म्हणून ते घोडे."

"बरोबर आहे की," मी म्हटलं. "आमच्याकडे मास्टर असतो तसं."

"ओके, बट वेट. त्यानेच स्वतःच्या पुस्तकात एका म्हाताऱ्याकडून हे म्हणणं खोडून काढलंय. म्हातारा विचारतो, हे सगळे घोडे आणि तो खरा घोडा एकमेकांसारखे आहेत, हे कशावरून ठरवलं? त्यासाठी तिसरा घोडा लागेल. मग चौथा. इट नेव्हर एंड्स. आणि केस, चिखल, मळ यांचंही असं शाश्वत रूप असतं का, असंही विचारतो. मग त्या गुरूचाच शिष्य येतो, तो म्हणतो, वर कुठे कशाला शोधता? रूप वस्तूतच असतं, वस्तूकडे बघा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सो, तुमचा मास्टर कशाशी चेक करतात?"

"बाहेरच्या लॅबमध्ये. वर्षातून एकदा, जानेवारीत."

"अँड हू चेक्स देम?"

"उतर आता, उशीर होतोय," मी खेकसले. पण परत येताना मला दोन सिग्नल दिसलेच नाहीत. तिसऱ्या घोड्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. चार आठवडे, एवढंच डोक्यात घोळत होतं. चार आठवड्यांपूर्वी काय झालं होतं?

खंडेनवमी झाली होती.

पिंपरीच्या कारखान्यात आम्ही हत्यारांची, यंत्रांची पूजा करायचो. इथे येऊनही मी ती सोडली नव्हती. त्या वर्षी खंडेनवमी सुट्टीच्या दिवशी येत होती म्हणून आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मास्टर टेबलावर ठेवला, हळद लावली, कुंकू पाण्यात कालवून बोटाने लावलं, फूल वाहिलं. तो ऑपरेटर नेमका तेव्हाच आला आणि टोपी काढून उभा राहिला. मी त्याला पेढा दिला. त्याने आणखी एक मागून घेतला.

शुक्रवारी सकाळी सातला मी खोलीत शिरले. पेटी उघडली, मास्टर हातात घेतला आणि उलटा केला. तळाच्या कडेला लालसर, वाळलेला, पातळ पापुद्रा. कुंकू ओघळून खाली गेलं होतं. मास्टर तेवढा उचलला गेलेला, काट्याचं शून्य तेवढंच वर, आणि त्या ऑपरेटरचा प्रत्येक भाग तेवढाच कमी. रोज सकाळी तळ पुसायचा, हा नियम माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला होता. मी चार आठवडे नुसता माथा पुसत होते. ज्याला कुंकू लावलं त्याला पालथा घालायला माझा हात धजत नव्हता. केवढा हा मूर्खपणा!

स्पिरिटची बाटली हाताशीच होती. एक बोळा फिरवला की संपलं. आजपासून भाग बरोबर भरतील, लोक म्हणतील पठ्ठ्या सुधारला. पण चार आठवड्यांचे आकडे माझ्या सहीने पडलेले होते आणि सोमवारी तो त्याच आकड्यांवर जाणार होता. आणि सांगितलं तर? माझा व्हिसा या नोकरीवर, लेकीचं कॉलेज या नोकरीवर. "पूजेमुळे झालं," हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? बोळा भिजवून मी तशीच उभी राहिले. शरम वाटते सांगायला, पण तो बोळा मी दोनदा तळाला टेकवला आणि दोनदा मागे घेतला.

मग बोळा टाकून दिला आणि मास्टर तसाच, कुंकवासकट, साहेबांच्या टेबलावर उलटा नेऊन ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी तो लाल डाग नखाने खरवडून बघितला. मग तो पुसून त्यांनी माझ्यासमोर दहा भाग पुन्हा मोजायला लावले. दहाही बरोबर. त्याची नोकरी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली. त्यांनी मला काढलं नाही, एवढंच.

दुपारी तो माझ्या खोलीच्या दारात आला. मी उभी राहिले. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून ठेवले होते.

"मी बायकोला सांगून टाकलं होतं, की माझ्या हातातली सफाई गेली म्हणून," तो म्हणाला. "महिनाभर मला स्वतःलाही तेच वाटत होतं."

"मी..."

"मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतंस."

त्याने मान हलवली आणि तो मशीनकडे परत गेला.